आइसलँडमधले आडवाटेचे धबधबे: आधी रस्त्याचा नंबर, मग गाडी

आइसलँडला स्वतः गाडी चालवत फिरणाऱ्या मराठी मंडळींची एक चूक पुन्हा पुन्हा दिसते. फोटो बघून धबधबा ठरतो, वेबसाइटवरची सर्वांत स्वस्त गाडी बुक होते आणि तिथवर जाणारा रस्ता कसा आहे हे केफ्लाविक विमानतळावर उतरल्यानंतर बघितलं जातं. मग लक्षात येतं की भाड्याच्या करारानुसार ती गाडी त्या रस्त्यावर नेताच येत नाही, किंवा रस्ता अजून बर्फाखाली आहे, किंवा वाटेत बिनपुलाची नदी आहे.

सेल्यालांद्सफॉस, स्कोगाफॉस, गोदाफॉस हे धबधबे रिंग रोडला, म्हणजे देशाभोवती फिरणाऱ्या मुख्य रस्त्याला, लागूनच आहेत. त्यांच्यासाठी या लेखाची गरज नाही. डांबर संपल्यावर पुढे जावं लागणाऱ्या धबधब्यांसाठी हा लेख आहे. क्रम असा ठेवा: महिना, धबधबा, रस्त्याचा क्रमांक, गाडी, विमा, वेळेचं गणित. यातली एक पायरी पुढे-मागे झाली की बाकीच्या पुन्हा कराव्या लागतात.

## १. महिना ठरवा

आइसलँडच्या मधल्या उंच, निर्मनुष्य प्रदेशातले रस्ते वर्षातले बहुतेक महिने बंद असतात. त्यांच्या क्रमांकाआधी 'एफ' हे अक्षर असतं. ते जूनच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत टप्प्याटप्प्यानं उघडतात आणि सप्टेंबरात बर्फ पडायला लागला की एकेक करून बंद होतात. ठरलेली तारीख नसते. बर्फ वितळून माती पुरेशी वाळली की रस्ता उघडतो. वसंतात रस्ते खातं बंद भागांचा नकाशा दर आठवड्याला नव्यानं काढतं, आणि तारखा ठरवताना मागच्या दोन-तीन वर्षांत रस्ते कधी उघडले तेही पाहता येतं.

मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी एफ रस्त्यांवरचे धबधबे यादीतून सरळ काढून टाकावेत. शाळेच्या सुट्ट्यांमुळे आपल्याकडचे बरेच लोक याच महिन्यात जातात, म्हणून हे स्पष्टच सांगतो. मेमध्ये किनाऱ्याजवळचे धबधबे भरभरून वाहतात आणि गर्दीही कमी असते. सहल तेवढ्यावर आखा. आतल्या भागातले धबधबे बघायचे असतील तर १० जुलै ते २५ ऑगस्ट हा काळ सर्वांत भरवशाचा.

हिवाळ्यात ही मोहीम काढू नका. डिसेंबरात उजेड जेमतेम चार तास असतो, आणि धबधब्याचे तुषार पायवाटेवर पडून गोठले की तिची काच झालेली असते.

## २. धबधबा नकाशावर शोधा, फोटोंवर नको

फोटोवरून उंची कळते, पण रस्ता, चढ, अंतर यांतलं काहीच कळत नाही. म्हणून शोधाची सुरुवात उंचीच्या रेषा दाखवणाऱ्या नकाशापासून करा. आइसलँडच्या नकाशांवर धबधब्यांच्या नावाच्या शेवटी बहुधा 'फॉस' असतं. नदीची निळी रेषा धरून वर जा. उंचीच्या रेषा एकमेकींना चिकटलेल्या दिसतील तिथे नदी कड्यावरून पडते. नाव नसलेले धबधबेही असेच सापडतात.

जागा सापडली की उपग्रहचित्रावर तीन गोष्टी बघा:

- गाडी उभी करायला सपाट जागा आहे का, आणि तिथवर चाकांच्या खुणा आहेत का.
- रस्ता नदी ओलांडतो तिथे पूल दिसतो का. पूल असेल तर सरळ, बारीक, फिकट रेघ दिसते. रस्ता पाण्यापाशी रुंद होऊन फाटत असेल आणि पलीकडे पुन्हा जुळत असेल, तर तिथे पाण्यातून जावं लागतं.
- नदीचं पाणी कोणत्या रंगाचं आहे. दुधाळ करडं असेल तर ते हिमनदीचं. उन्हाच्या दिवशी ते दुपारनंतर चढतं. काळसर, पारदर्शक दिसत असेल तर झऱ्याचं किंवा पावसाचं.

शेवटचा मुद्दा बहुतेक जण सोडून देतात. नवव्या पायरीत तोच निर्णायक ठरतो.

## ३. रस्त्याचा क्रमांक वाचा

इथे घाई करू नका. आइसलँडमध्ये रस्त्याचा क्रमांक बरंच काही सांगतो. १ म्हणजे रिंग रोड. दोन आकडी क्रमांक म्हणजे मुख्य रस्ते, तीन आकडी म्हणजे स्थानिक रस्ते. यांतले बरेच खडीचे आहेत. क्रमांकाआधी एफ असेल तर तो डोंगरी रस्ता. तिथे फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी, लागतेच आणि पुलांची हमी नसते.

याला अपवाद आहेत. ३५ आणि ५५० या रस्त्यांना एफ नाही, पण ते आतल्या प्रदेशातून जातात आणि बऱ्याच भाडे-कंपन्या साध्या गाड्यांना तिथे मनाई करतात. तेव्हा एफ नाही म्हणून रस्ता सोपाच असेल असं धरू नका.

चार खरी उदाहरणं घेऊ. अवघडपणा चढत जातो.

हाउइफॉस. उंची १२२ मीटर, थ्योर्सारदालुर खोऱ्यात. शेजारीच ग्रान्नी नावाचा दुसरा धबधबा कोसळतो. रेक्याविकपासून सुमारे दोन तास. ३२ क्रमांकाचा रस्ता चांगला आहे, पण शेवटचे सुमारे सात किलोमीटर ३३२ वरून जावं लागतं. एफ नाही, नदी नाही, तरीही दगड आणि खड्डे इतके की खालून बुटकी गाडी घासते. फोर-बाय-फोरपेक्षाही इथे जमिनीपासूनची उंची जास्त महत्त्वाची. साधी छोटी गाडी असेल तर हा धबधबा सोडा.

आल्देयार्फॉस. उंची साधारण २० मीटरच, पण भोवतीचे बेसाल्टचे खांब बघण्यासारखे. गोदाफॉसजवळून ८४२ क्रमांकाच्या रस्त्यानं दक्षिणेला सुमारे ४० किलोमीटर. शेवटच्या शेताच्या पुढे फाटक लागतं आणि तिथून तोच रस्ता एफ २६ होतो. धबधब्यापर्यंत नदी ओलांडावी लागत नाही. साधी गाडी असेल तर ती फाटकाअलीकडे, कोणाची वाट अडणार नाही अशी लावा आणि उरलेले तीन-चार किलोमीटर चाला. ही युक्ती वापरणारे फार थोडे. बाकीचे एक तर परत फिरतात, नाहीतर करार मोडून गाडी आत घालतात.

फाग्रिफॉस. किर्क्युबायारक्लाउस्तुर गावाजवळून एफ २०६. वाटेत गेइर्लांद्साउ नदी पाण्यातून ओलांडावी लागते. पाऊस नसेल तर अनुभवी चालकाला उंच फोर-बाय-फोरनं जमतं; दोन दिवस पाऊस झाला की चित्र पालटतं.

ओफाइरुफॉस. एल्दग्याउ दरीतला दोन टप्प्यांचा धबधबा. दक्षिणेकडून एफ २०८ नं यायचं तर एकापेक्षा जास्त ठिकाणी पाण्यातून गाडी घालावी लागते. आयुष्यात कधी नदीतून गाडी काढली नसेल तर हा धबधबा भाड्याच्या गाडीनं करू नका. उन्हाळ्यात उंच चाकांच्या बस आणि स्थानिक चालकांच्या जीपगाड्या या भागात जातात, त्यांतली जागा घ्या. पैसे जास्त वाटतील, पण एक इंजिन बदलण्याच्या खर्चापुढे ते काहीच नाहीत.

काही उत्तम धबधबे गाडीच्या बळाऐवजी पायांचं बळ मागतात. १९८ मीटरचा ग्लीमुर ह्वालफ्योर्दुर खाडीच्या टोकाशी आहे. साधी गाडी वाहनतळापर्यंत जाते, पुढची फेरी सुमारे सात किलोमीटर आणि तीन-चार तासांची. वाटेत नदीवर आडवा ओंडका टाकलेला असतो, पण तो फक्त उन्हाळ्यात. १२८ मीटरच्या हेंगिफॉसलाही असाच अडीच किलोमीटरचा चढ आहे. लहान गाडीच परवडणार असेल तर तुमची यादी अशा धबधब्यांची करा.

तपासा: यादीतल्या प्रत्येक धबधब्यासमोर शेवटच्या रस्त्याचा क्रमांक, खडीचे किलोमीटर, बिनपुलाच्या नद्या आणि चालण्याचं अंतर लिहिलं आहे का? एकही रकाना रिकामा असेल तर गाडी बुक करू नका.

## ४. आता गाडी, विमा आणि कागद

यादीतला सर्वांत अवघड रस्ता गाडी ठरवतो. सगळे धबधबे डांबरी किंवा चांगल्या खडीच्या रस्त्यावर असतील तर साधी गाडी पुरे. हाउइफॉस किंवा आल्देयार्फॉससाठी डस्टरसारखी छोटी फोर-बाय-फोर. नदीचा प्रश्न असेल तर लँड क्रूझरच्या वर्गातली, तीही चालवणाऱ्याला अनुभव असेल तरच.

भाड्याच्या कराराचा 'कुठे नेता येणार नाही' हा भाग पैसे भरण्याआधी वाचा. बऱ्याच कंपन्या छोट्या फोर-बाय-फोरला एफ रस्त्यांची परवानगी देतात, पण त्यातले ठरावीक रस्ते वगळतात. तुमच्या यादीतले क्रमांक ई-मेलनं कळवून लेखी उत्तर मागा. काउंटरवर तोंडी मिळालेलं 'चालेल' नंतर उपयोगी पडत नाही.

विम्याबाबत सर्वांत मोठा गैरसमज 'फुल इन्शुरन्स' या शब्दांचा. मूळ विम्यात अपघाताचं नुकसान येतं, पण ठरावीक रक्कम तुम्हीच भरता. खडी उडून काचेला तडा जाणं, वाळू-राखेच्या वादळात रंग खरवडला जाणं यांसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. खडीचं संरक्षण आडवाटांसाठी नक्की घ्या. दक्षिण किनाऱ्यानं जाणार असाल तर वाळू-राखेचंही. आणि या तीन गोष्टी सर्वांत महागड्या विम्यातही साधारणपणे नसतात:

- नदी ओलांडताना पाण्यानं झालेलं नुकसान.
- गाडीच्या पोटाला खालून बसलेला मार.
- वाऱ्यानं दार उलटं फिरून मोडणं.

तिसरी गोष्ट आपल्याला नवीन असते. तिथला वारा हातातलं दार हिसकावतो, बिजागरी वाकते आणि बिल मोठं येतं. वारा जिकडून येतो तिकडे तोंड करून गाडी लावा, एका वेळी एकच दार उघडा, दोन्ही हातांनी धरा.

लायसन्सवरची अक्षरं रोमन असतील तर ते तिथे सहसा स्वीकारतात आणि महाराष्ट्रातल्या स्मार्ट कार्डावर ती असतात. तरी आंतरराष्ट्रीय परवाना काढाच, कारण काही कंपन्या तो मागतात. आरटीओत नमुना ४अ भरायचा, फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. निघण्याच्या महिनाभर आधी अर्ज करा.

गाडी ताब्यात घेताना चारही बाजू, काच, चाकांच्या रिमा आणि वाकून दिसेल तेवढं पोट यांचा व्हिडिओ काढा. सुटं चाक आहे की फक्त पंक्चर भरायची बाटली, ते उघडून बघा. टोकदार खडीनं टायरची बाजू फाटली तर बाटली निरुपयोगी असते.

## ५. नाव टाइप करू नका, अक्षांश-रेखांश जतन करा

फेब्रुवारी २०१६ मध्ये एका अमेरिकन पर्यटकाच्या जीपीएसमध्ये रेक्याविकमधल्या हॉटेलच्या रस्त्याच्या नावात एक 'आर' जास्त पडला आणि तो जवळपास चारशे किलोमीटर दूर उत्तरेच्या सिग्लुफ्योर्दुर गावात पोचला. धबधब्यांच्या बाबतीत असं होण्याची शक्यता आणखी जास्त, कारण एकच नाव अनेक ठिकाणी आढळतं. सेल्फॉस टाइप केलं की नकाशा दक्षिणेतल्या गावाला नेतो. त्याच नावाचा धबधबा आहे ईशान्येत, डेट्टिफॉसच्या वरच्या अंगाला. गुफुफॉस नावाचेही एकापेक्षा जास्त धबधबे आहेत.

म्हणून घरी बसूनच धबधब्याचे नव्हे, तर वाहनतळाचे अक्षांश-रेखांश जतन करा. धबधब्याचा बिंदू टाकला तर ॲप त्याला सर्वांत जवळचा रस्ता शोधतं, आणि तो कधी कधी दरीच्या पलीकडचा निघतो. डेट्टिफॉसला हेच होतं. पश्चिमेचा ८६२ डांबरी आहे आणि पूर्वेचा ८६४ खडीचा, मध्ये दरी. चुकीच्या काठावर गेलात तर मोठा वळसा घालून परत यावं लागतं.

सावधान: आइसलँड पश्चिम रेखांशावर आहे, त्यामुळे रेखांशाच्या आकड्याआधी उणे चिन्ह लागतं. भारतात ते कधी लागत नाही, म्हणून ते हमखास गळतं. हाउइफॉसच्या रेखांशाचं उणे चिन्ह विसरलात तर खूण स्वीडनच्या उत्तर भागात पडते.

मग संपूर्ण देशाचा नकाशा ऑफलाइन उतरवा, तोही दोन वेगवेगळ्या ॲपमध्ये आणि दोन फोनवर. विमान मोडवर टाकून मार्ग उघडतो का ते घरीच बघा. पेट्रोल पंपावरचा कागदी नकाशाही घ्या. थंडीत फोनची बॅटरी झपाट्यानं उतरते.

## ६. वेळेचं गणित आणि परतीची वेळ

ॲपनं दाखवलेला वेळ खडीच्या रस्त्यावर खरा नसतो. हिशेबासाठी हे वेग धरा: रिंग रोडवर ताशी ७० किलोमीटर, तीन आकडी खडीच्या रस्त्यावर ४५, एफ रस्त्यावर २५. कायद्यानं डांबरावर ९० आणि खडीवर ८० ची मर्यादा आहे, पण ती मर्यादा आहे, सरासरी नाही.

उत्तरेतल्या आकुरेरी गावाहून आल्देयार्फॉसचं उदाहरण. वाद्लाहेइदी बोगद्यातून गोदाफॉसपर्यंत सुमारे ३५ मिनिटं. या बोगद्याला टोल आहे, पण नाका नाही. कॅमेरा नंबर टिपतो आणि तुम्ही ऑनलाइन भरायचं असतं. राहून गेलं तर भाडे-कंपनी दंड आणि स्वतःचं शुल्क लावून वसूल करते. पुढे ८४२ वरचे ४० किलोमीटर म्हणजे ५५ मिनिटं. धबधब्यापाशी दीड तास. परतीचे दीड तास. साडेचार तास झाले. त्यात तिसरा हिस्सा, म्हणजे दीड तास, राखीव ठेवा. सहा तासांत एक धबधबा हे तिथलं खरं प्रमाण आहे. एका दिवसात पाच धबधबे लिहिलेलं वेळापत्रक रिंग रोडवर जमेल, आडवाटेला नाही.

निघण्याआधी परत फिरायची वेळही ठरवा आणि ती सगळ्यांना सांगून ठेवा. जून-जुलैत रात्र जवळजवळ होतच नाही, त्यामुळे थकवा उशिरा कळतो. रात्री अकराला लख्ख उजेडात डुलकी लागून गाडी रस्त्याखाली जाते.

## ७. इंधन, कार्ड, सामान

गाव सोडताना टाकी भरलेली हवी, अर्धी शिल्लक असली तरी भरा. एफ २६ नं, दक्षिण टोकाजवळच्या ह्राउनएयारहून उत्तरेला निघालात तर दोनशे किलोमीटरहून जास्त अंतरात एकही पंप नाही, आणि खडकाळ रस्त्यावर गाडी इंधन जास्त खाते. बरेच पंप विनाकर्मचारी असतात. तिथे चार आकडी पिन असलेलं कार्ड लागतं. बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार सुरू आहेत का ते भारतातच बघा. प्रीपेड फॉरेक्स कार्ड अशा पंपांवर कधी कधी चालत नाही, म्हणून एक क्रेडिट कार्ड जवळ असू द्या.

सामानात आपल्याकडची पावसाळी तयारी पुरत नाही. छत्री घरी ठेवा, ती मिनिटभर टिकत नाही. वरचं जॅकेट आणि वरून चढवायची पँट, दोन्ही खरोखर जलरोधक हवीत. जीन्स नको, ओली झाली की ती दिवसभर वाळत नाही आणि अंगातली ऊब शोषते. घोटा धरणारे बूट, मोज्यांचे दोन जादा जोड, लोकरी टोपी, हातमोजे, टॉर्च, पॉवर बँक. गाडीत प्रत्येकी दोन लिटर पाणी आणि एक जादा जेवण: दशम्या, चिवडा, लाडू असं न तापवता खाता येणारं. आतल्या भागात दुकान नाही, बहुतेक ठिकाणी शौचालयही नाही.

## ८. निघायच्या सकाळची तपासणी

आदल्या रात्री बघितलेली माहिती सकाळी शिळी झालेली असते. न्याहारीच्या वेळी हे चार टप्पे याच क्रमानं करा:

1. रस्ता. रस्ते खात्याच्या 'उम्फेर्दिन डॉट आयएस' या संकेतस्थळावर तुमचा क्रमांक शोधा. लाल म्हणजे बंद. बंद रस्त्यावर गाडी घालणं बेकायदा आहे आणि विमाही निकामी होतो.
2. वारा. 'वेदुर डॉट आयएस' हे हवामान खात्याचं. वारा मीटर प्रतिसेकंदात दिलेला असतो, ३.६ नं गुणलं की ताशी किलोमीटर मिळतात. १५ म्हणजे ताशी ५४ किलोमीटर. उंच गाडी किंवा कॅम्पर (आत झोपायची सोय असलेली गाडी) असेल तर इथेच थांबा. २० ला कोणत्याही गाडीनं आडवाट धरू नका. इशारे पिवळा, नारिंगी आणि लाल असे चढत जातात.
3. पाऊस. आजचाच नाही, कालचाही बघा. नदी मागच्या दिवसाच्या पावसानं चढलेली असते.
4. कोणाला तरी सांगा. 'सेफट्रॅव्हल डॉट आयएस' वर प्रवासाचा बेत नोंदवा, मुक्कामाच्या ठिकाणी परतीची वेळ सांगा आणि '११२ आइसलँड' हे आपत्कालीन मदतीचं ॲप फोनवर आहे याची खात्री करा.

पहिल्या तीनपैकी एकाचंही उत्तर प्रतिकूल असेल तर दुसरा बेत घ्या. तो आधीच ठरलेला असावा. प्रत्येक दिवसासाठी डांबरी रस्त्यावरचा एक पर्यायी धबधबा लिहून ठेवा, म्हणजे आजचा दिवस फुकट जाईल या भीतीनं चुकीचा निर्णय होत नाही.

## ९. रस्त्यावर आणि नदीच्या काठाशी

गाडी उजव्या बाजूनं चालवायची. चुका सुरुवातीला कमी होतात. थांबून फोटो काढल्यावर, रिकाम्या रस्त्यावर पुन्हा निघताना सवयीनं डावी बाजू धरली जाते. शेजारी बसणाऱ्यानं प्रत्येक वेळी निघताना 'उजवीकडे' असं मोठ्यानं म्हणायचा नियम करा. दुपदरी चौकात, म्हणजे गोल सर्कलला, आतल्या पदरातून बाहेर पडणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं असतं. एकपदरी पुलावर जी गाडी पुलाच्या जवळ असेल ती आधी. दिवे दिवसाही चालू.

डांबर संपून खडी लागते ती जागा धोक्याची. खडीवर गेल्यावर ब्रेक मारला तर मागचं चाक घसरतं. पाटी दिसताच, अजून डांबरावर असतानाच, वेग ५० वर आणा. समोरून गाडी आली की आणखी कमी करा. काचा तिच्या खडीनं फुटतात. मेंढी रस्त्याच्या एका बाजूला आणि कोकरू दुसऱ्या बाजूला दिसलं तर थांबाच, कोकरू आईकडे धावतंच.

रस्ता सोडून गाडी बाजूच्या शेवाळावर किंवा वाळूवर घालणं गुन्हा आहे. दंड आणि तुरुंगवास दोन्हींची तरतूद आहे. ते शेवाळ वाढायला दशकं लागतात आणि चाकाची एक खूण पिढीभर राहते. खड्डा चुकवायलाही रस्त्याबाहेर जाऊ नका. खड्ड्यातून हळू काढा.

नदी समोर आली तर इंजिन बंद करून उतरा. पहिला निर्णय ओलांडायचं की परत फिरायचं हा आहे, आणि आमच्या मते भाड्याच्या छोट्या फोर-बाय-फोरसाठी उत्तर बहुतेक वेळा परत फिरणं हेच असतं. तरीही गाडी योग्य असेल, करारात परवानगी असेल आणि अनुभव असेल, तर:

1. दुसरी गाडी येईपर्यंत थांबा. ती कुठून जाते, पाणी चाकाला कुठवर लागतं ते बघा. एकट्या गाडीनं ओलांडू नका. अडकलात तर ओढायला कोणी नसतं.
2. पाणी वाचा. अरुंद आणि संथ दिसणारी जागा खोल असते. रुंद आणि वर लाटा-खळखळ असलेली उथळ. वळणाच्या बाहेरच्या अंगाला नदी काठ खोदते, तिथे जाऊ नका. जुन्या चाकांच्या खुणांवर आंधळा विश्वास नको, पुरानंतर तळ बदलतो.
3. शंका असेल तर काठी घेऊन चालत बघा. पाणी बर्फासारखं गार असतं, पाठीवरच्या पिशवीचे पट्टे सैल ठेवा. जिथून तुम्ही चालत जाऊ शकत नाही तिथून गाडी नेऊ नका.
4. लो रेंज (फोर-बाय-फोरमधली कमी वेगाची, जास्त जोराची गिअरव्यवस्था) आणि पहिला गिअर काठावरच टाका. काचा खाली. चालण्याच्या वेगानं, प्रवाहाच्या दिशेला किंचित तिरकं जा. मध्ये गिअर बदलू नका, थांबू नका, वेग वाढवू नका. वेगानं शिरलात की पाणी बॉनेटवर उसळून हवेच्या वाटेनं इंजिनात जातं.
5. बाहेर आल्यावर हळू चालवत ब्रेक दोन-तीनदा हलकेच दाबा, म्हणजे ते वाळतात.

गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा चालू करायचा प्रयत्न करू नका. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, पिस्टनचा दांडा वाकतो आणि दुरुस्तीजोगं इंजिन कायमचं जातं.

हिमनदीचं पाणी सकाळी सर्वांत कमी असतं आणि उन्हाच्या दिवशी दुपारनंतर, संध्याकाळपर्यंत चढत जातं. लोक सकाळी आठला सहज ओलांडतात, धबधब्यापाशी रमतात आणि चारला परततात तेव्हा तीच नदी ओळखू येत नाही. सकाळचं पाणी बघून निर्णय घेताना परतीचं पाणी मोजा. शंका असेल तर पलीकडे जाऊच नका. नदी चढलेली दिसली तर काठावर मुक्काम करून पहाटे ओलांडणं हाच मार्ग, म्हणून तर ते जादा जेवण.

## १०. गाडी सोडल्यावर

वाहनतळावर सशुल्क अशी पाटी असेल तर लगेच ॲपनं पैसे भरा. बऱ्याच ठिकाणी कॅमेरे नंबर टिपतात. शेताचं फाटक जसं होतं तसंच सोडा: बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं.

हाउइफॉससारख्या ठिकाणी कड्याला कठडा नाही. काठावरचं गवत दिसतं घट्ट, पण खालची माती वाहून गेलेली असते आणि ते हवेत लोंबत असतं. काठापासून निदान तीन मीटर मागे राहा, वारा असेल तर बसून बघा. मुलांचा हात सुटायला नको. तुषार पडतात तिथले दगड शेवाळलेले असतात. आंबोलीत किंवा माळशेजला पावसाळ्यात फिरलेल्यांना ती निसरड माहीत आहे, फक्त इथे पडल्यावर मदत यायला काही तास लागतात.

ड्रोन आणला असेल तर डेट्टिफॉस वात्नायोकुल राष्ट्रीय उद्यानात येतो आणि तिथे परवानगी लागते. कॅम्परमध्ये रात्री झोपायचं तर ठरलेल्या तळावर, किंवा जमिनीच्या मालकाची परवानगी घेऊन.

## ११. अडकलात तर

गाडी रुतली किंवा बंद पडली तर गाडीपाशीच थांबा. चालत मदत शोधायला निघालेला माणूस धुक्यात चुकतो; उभी गाडी वरून दिसते. गरम कपडे चढवा, सगळे एका जागी बसा, आणि गाडी पाण्यात असेल तर आधी काठावर या, मग सामानाचा विचार.

११२ ला फोन करा. रेंज कमी असेल तर ११२ च्या ॲपमधून तुमचं ठिकाण एसएमएसनं जातं, त्याला इंटरनेट लागत नाही. रस्त्याचा क्रमांक, शेवटचा फाटा किंवा शेत सोडल्यापासूनचे किलोमीटर, माणसं किती, कोणी जखमी किंवा ओलं आहे का, एवढं सांगा. त्यासाठी प्रत्येक फाट्यावर ट्रिप मीटर शून्य करायची सवय लावा. सुटकेला येणारी माणसं स्वयंसेवक असतात, आपली नोकरी सोडून येतात. परिस्थिती जीवघेणी नसेल आणि फक्त गाडी ओढायची असेल तर भाडे-कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करा. तो क्रमांक कागदावर लिहून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा, फोनमध्येच नको.